सत्त्व, पेज की चहा-बटर? तीन वर्षांच्या पोराला काय द्यायचं

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा तीन वर्षांचा, अंगणवाडीत वजन-उंची केली तर उंचीच्या मानाने वजन जास्त निघालं, ती घाबरून विचारते ताई आता भात बंद करू काय. म्हटलं थांब गो, कोकणात भात बंद केलास तर पोरगं खाणार काय? आणि लाजू पण नको, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं २०१५-१६ ला २.१ टक्के होती, २०१९-२१ ला ३.४ झाली, म्हणजे तू एकटी नाहीस. एवढ्याशा पोराचे कार्ब (भात, पीठ, साखरेतली कर्बोदकं) मोजत बसण्यापेक्षा कुठले ते बघ, फायबर म्हणजे न पचणारा चोथा किती उरलाय, वरून साखर किती पडलीय, आणि चावून खाल्लंय की गटागटा प्यायलंय.

सकाळी पेज की चहा-बटर, यात डोकं लावायलाच नको. बेकरीतलं बटर, लोणी नव्हे, चहात बुडवून खायचं ते कडक बटर, म्हणजे मैदा, साखर, डालडा, वर साखरेचा चहा. उकड्या तांदळाची पेज मिठाची, पातळ, पोट भरतं आणि कॅलरी कमी. फक्त तांदळात फायबर बेताचंच, म्हणून सोबत चवळी नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ हवीच, नुसत्या पेजेवर भागत नाही.

आता नाचणी, इथे सगळे फसतात, मी पण फसले होते. सासूबाई म्हणतात पोराक सत्त्व दी गो, आणि आपल्याला वाटतं नाचणी म्हणजे झालंच. पण सत्त्व करतो कसं? नाचणी रात्रभर भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला साका वाळवायचा, आणि फडक्यात राहिलेला चोथा कोंबड्यांपुढे. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं (मैद्यात ३ पण नाही), त्यातलं बरंचसं त्या चोथ्यात, म्हणजे आमच्या घरात पोरापेक्षा कोंबड्यांनीच जास्त खाल्लं. उरतो तो बहुतेक स्टार्च, त्यात गूळ घालून पातळ खीर केली की ती झटकन पचते आणि तासाभरात पोरगं परत खाऊ मागतं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला सत्त्व ठीक, पचायला हलकं. तीन वर्षांच्याला मात्र अख्ख्या पिठाची भाकरी नाहीतर घावणे, चावायला लागू दे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये २ ते ५ वर्षांच्या मुलांना रोज निदान १५ ग्रॅम फायबर सांगितलंय, ते खिरीने होणार नाही. एकदम वाढवू नको पण, पोट दुखेल, पाणी पाजत हळूहळू.

पुड्यातली बिस्किटं घ्यायचीच तर मागे बघ, १० ग्रॅम कार्बला निदान १ ग्रॅम फायबर आहे का. बहुतेक नापास होतात, पुढे मल्टीग्रेन छापलेली सुद्धा.

आणि आंबा. जाऊ म्हणाली आंबा गोड म्हणून बंद केला आणि दुकानातलं आंब्याचं ड्रिंक दुपारी एकच देते. अगो उलट केलंस! रायवळ चोखायला पोराला अर्धा तास लागतो, कोपरापर्यंत रस, अंगणात बसवायचं आणि नंतर अंघोळ, तोवर पोट भरल्याचं त्याचं त्यालाच कळतं. ड्रिंक दोन मिनिटांत संपतं आणि जेवण तेवढंच. नेदरलँड्समध्ये २०१२ साली छापून आलेल्या प्रयोगात साधारण ५ ते १२ वयाच्या ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिली पेय दिलं, निम्म्यांना साखरेचं, निम्म्यांना बिनसाखरेचं, तर साखरवाल्यांचं वजन सरासरी १ किलोने जास्त वाढलं. आमचं पोरगं त्याहून लहान, पण पिण्यातली साखर लक्षात येत नाही हे इथेही दिसतंच. तीन वर्षांच्याला दिवसाला हजारेक कॅलरी पुरतात, त्यात वरची साखर ५ टक्क्यांत ठेवायची तर जेमतेम ३ चमचे, एका ड्रिंकमध्ये ते उडून जातात.

म्हणून मी तिला सांगितलं एकच करायचं तर ड्रिंक बंद कर आणि चहातली साखर, दुसरं जमलं तर बटराच्या जागी भाकरी, भाताला हात लावू नको. वजन कमी करायला उपाशी ठेवायचं नाही, उंची वाढली की आपोआप जुळत येतं, तीन महिन्यांनी परत अंगणवाडीच्या काट्यावर उभं करू. सत्त्वाचा डबा भरलेला आहे तो तिच्या बहिणीच्या बाळाला देऊन टाकलाय, आणि यंदा चोथा घावण्यांच्या पिठात घालून बघणार आहे, कोंबड्या काय म्हणतील ते म्हणू देत.