तोतरेपणासाठी डीएएफ ॲप : सहा महिन्यांच्या वापरानंतर

डीएएफ (डिलेड ऑडिटरी फीडबॅक) ॲपमध्ये आपलाच आवाज काही मिलिसेकंद उशिरा कानात परत येतो. तो ऐकत बोललं की वेग उतरतो, स्वर लांबतात, अडखळणं कमी होतं.

इअरफोन मात्र वायरचाच हवा. फोनला जुना जॅक नसेल तर टाइप-सीचा घ्या. ब्लूटूथवर आवाज पोचायलाच १००-२०० मिलिसेकंद सहज जातात. वर ॲपचा उशीर धरला की एरवी न अडखळणाराही गडबडेल. ॲपचा उशीर ५० ते ७५ मिलिसेकंदांवर ठेवून सुरुवात करा आणि रोज १५ मिनिटं 'पुढारी' मोठ्यानं वाचा.

वाचनात फरक लवकर जाणवतो, पण त्यावर भाळू नका. कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये कंडक्टरनं "कुठं?" विचारलं की 'बिंदू चौक'मधला 'ब' ओठांतच मिटतो. आवाजच सुटलेला नसतो, तेव्हा ॲप परत ऐकवणार काय? मुक्या ब्लॉकपुढं ते हतबल आहे. शिवाय बसमधला गोंगाटही माईक पकडतो आणि कानात ओततो.

तिथं अमेरिकन स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपरची जुनी पद्धतच कामी येते. शब्द अडकत का होईना, पूर्ण करायचा. मग पुढं पळायचं नाही. तीनेक सेकंद थांबून ओठ कुठं आवळले होते ते आठवायचं, आणि ओठ नुसते टेकवून, श्वास सोडत तोच शब्द पुन्हा म्हणायचा. हे अंगवळणी पडल्यावर अडकलेल्या शब्दाच्या मध्येच पकड सैल करायला शिकायचं. शब्दाआधीची तयारी सगळ्यात शेवटी. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात, कारण ताण नेमका कुठं बसतो हेच अजून कळलेलं नसतं. हे स्पीच थेरपिस्टसमोर, आरशात बघूनच शिकावं.

शब्द बदलणं तर सोडाच. 'ब' नको म्हणून शिवाजी चौकाचं तिकीट काढून पुढं चालत गेलं, तर त्या 'ब'ची भीती दुसऱ्या दिवशी वाढलेलीच असते. उलट राजारामपुरीतल्या दुकानात मुद्दाम, हलकं अडखळून विचारा : "काका, ब-ब-बॅग केवढ्याला?" नजर खाली घालायची नाही. दिवसातून तीनदा पुरे. घरच्यांनाही सांगून ठेवा, "सावकाश बोल" म्हणू नका, वाक्य आमच्यासाठी पुरं करू नका.

ॲप ठेवा, पण वाचनापुरतं. महिन्यानंतर एक दिवसाआड इअरफोन काढून वाचा, नाहीतर इअरफोन निघाला की वेग पुन्हा पहिल्यासारखा होतो.