चाळणीतले हिरवे खडे आणि सोनोग्राफीतला खडा

माझ्या आत्याच्या पित्ताशयात १४ मिलिमीटरचा खडा होता. सर्जननी दुर्बिणीने पित्ताशय काढून टाकायचा सल्ला दिला होता आणि ती ऑपरेशनला घाबरत होती. ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या तिच्या भजनी मंडळातल्या एकीने तिला घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या 'यकृतशुद्धी शिबिरा'चं सांगितलं. ऑपरेशन नको, एका रात्रीत खडे पडतात आणि ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघता, असा त्यांचा दावा. साडेआठ हजार रुपये यूपीआयने एका माणसाच्या खासगी खात्यात गेले. पावतीवर 'सहयोग निधी' एवढंच लिहिलंय. उपचार किंवा औषध हा शब्द कुठेही नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पुढे तक्रार करताना आडवी आली.

किटमध्ये ऑलिव्ह तेल, सफरचंदाचा रस, लिंबं आणि 'शुद्धिक्षार' नावाची पाकिटं. पाकिटावर उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही. सूचनापत्रकाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरांत 'एप्सम' छापलेलं होतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हे मीठ शेतकरी पानं पिवळी पडली की झाडांना घालतात, आणि औषध म्हणूनही ते अगदी स्वस्त आहे.

मी लेबर रूममध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे याला 'मॅगसल्फ' म्हणतात आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. गरोदरपणात बीपी चढून झटके येतात तेव्हा हेच इंजेक्शन बाईचा जीव वाचवतं. याच औषधाच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या, बीपी चढलेल्या दहा हजारांहून जास्त गरोदर स्त्रिया होत्या. मॅगसल्फ मिळालेल्यांमध्ये झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. पण पुढचा डोस देण्याआधी आम्ही गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का बघतो, श्वास मोजतो, लघवी किती झाली ते मोजतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवतो. कारण मॅग्नेशियम शरीरातून बाहेर पडतं ते किडनीवाटे. किडनी मंद असेल तर ते रक्तात साठतं, बीपी उतरतं, स्नायू ढिले पडतात आणि फारच वाढलं तर श्वास थांबतो.

आत्याला वीस वर्षांचा डायबेटिस. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंद. शिबिराच्या फॉर्मवर नाव, वय, वजन आणि 'कोणाच्या ओळखीने आलात' हे रकाने होते. किडनीचा प्रश्नच नव्हता. हॉलभर माणसांना संध्याकाळपासून कडूजार पाणी पेल्या-पेल्याने पाजलं. पोटातून घेतलं की हे मीठ आतड्यात पाणी ओढून धरतं, म्हणून जुलाब होतात. ते त्याचं खरं काम आहे आणि ते त्याने चोख केलं. रात्री तेल आणि लिंबाचा रस एकत्र प्यायला देऊन सगळ्यांना आडवं केलं.

सकाळी प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची चाळणी. आत्याने मला फोटो पाठवला: वाटाण्याएवढे, हिरवेगार, गुळगुळीत गोळे. "बघ गं, चाळीसेक निघाले! आता कसलं ऑपरेशन?"

ड्यूटी संपवून मी तिच्याकडे गेले. तिने काही गोळे बरणीत जपून ठेवले होते. त्यातले दोन मी स्टीलच्या वाटीत कोमट पाण्यात टाकले. थोड्या वेळात ते मऊ झाले, मग विरघळले, आणि पाण्यावर हिरवट तेलाचा तवंग आला. पित्ताचा खरा खडा कोमट पाण्यात कधीच वितळणार नाही. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असेच 'खडे' तपासून २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं: खरे खडे ज्यांचे बनतात त्यातलं काहीच त्यात नाही, कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही, ४० अंशांवर दहा मिनिटांत वितळतात. प्यालेल्या तेलाचा लिंबाच्या रसाशी संयोग होऊन आतड्यात साबणासारखे गोळे तयार होतात आणि पित्ताने ते हिरवे दिसतात. पित्ताशयात एकही खडा नसलेल्या माणसाने हे प्यालं तरी चाळणीत गोळे येतील. माणसाच्याच पोटात पुरावा तयार करून तो त्यालाच दाखवायचा, ही यांची खरी कला. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

वाटीकडे बघताना आत्याच्या पापण्या मिटत होत्या. उठायला गेली तर पाय टेकवेना. बीपी ९० च्या खाली. गुडघ्यावर टिचकी मारली, पाय जेमतेम हलला. तिला तशीच रिक्षात घालून कॅज्युअल्टीला नेलं आणि डॉक्टरांना आधी मॅगसल्फचं सांगितलं. रक्तातलं मॅग्नेशियम वाढलेलंच निघालं. कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, सलाईन चालू केलं. सोनोग्राफीत १४ मिलिमीटरचा खडा होता तिथेच. तेवढं तेल पोटात गेलं की पित्ताशय जोराने आकुंचन पावतं. तो खडा नळीत अडकला असता तर कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज आली असती. तब्येत सावरल्यावर तिचं ऑपरेशन झालं. बाटलीत मिळालेला खडा पिवळट तपकिरी आहे, नखाने ओरखडासुद्धा उमटत नाही.

शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी वितळलेल्या गोळ्यांचा व्हिडिओ टाकून विचारलं: ज्यांचे खडे पडले त्यांच्यापैकी कोणी आधीची आणि नंतरची सोनोग्राफी दाखवेल का? ॲडमिनने मला लगेच काढून टाकलं. त्यानंतर खासगीत तिघींनी कळवलं की त्यांचेही खडे होते तसेच आहेत.

पित्ताचे खडे बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. त्याच्या अनुसूचीत या आजाराचं नाव आहे. पाकिटाचे फोटो, पत्रक, पावती आणि दोन्ही सोनोग्राफी जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. कोणी अशा शिबिराला जाऊन आलं असेल तर पाकीट फेकू नका, आणि किडनी किंवा डायबेटिसचा पेशंट असेल तर ग्लानी, अशक्तपणा दिसताच दवाखाना गाठा.

त्यांचं पुढचं शिबिर वाशीला आहे. नव्या पत्रकातून 'एप्सम' शब्द काढलाय आणि फी साडेनऊ हजार केली आहे.