बारवेसाठी पैसा: गावची वर्गणी की कंपनीचा सीएसआर?

परभणी जिल्ह्यातली वालूरची किंवा चारठाण्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, पाहिली की मराठवाड्यात जपण्यासारखं किती आहे, ते कळतं. पण अशा बारवेची साफसफाई-दुरुस्ती करायला पैसा आणायचा कुठून?

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीची, रक्कम एकदम आणि मोठी येते. हा निधी कुठल्या कामांना देता येतो याची यादी कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत आहे, त्यात वारसा जतन बसतं. पण संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी), लेखापरीक्षण, प्रस्ताव हे सगळं लागतं.

वर्गणी हळूहळू जमते. पेरणीच्या तोंडावर कुणाच्या दारात जाऊच नये. सोयाबीन-कापूस विकला की जावं. पावतीपुस्तक, संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड आणि जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. (आयकरात सवलत हवी असेल त्यांच्याकडून २००० रुपयांच्या वर रोख घेऊ नये.) पन्नास रुपये देणारी आजी गाळ काढताना हटकून बघायला येते, नातवालाही आणते. घरात ऐकलेल्या रझाकारांच्या काळातल्या गोष्टी तिथंच निघतात, पोरं त्या वहीत उतरवून घेतात. हे सीएसआरच्या धनादेशातून येत नाही.

म्हणून मी आधी वर्गणीच काढायला सांगेन. ढासळलेली दगडी चिरेबंदी मात्र जाणकारांचं काम, तिथं सीएसआर हवाच. आणि स्मारक संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय एक चिराही हलवू नका.