पाच एकरांचा रेडिएटर आणि एक हट्टी पंच

‘चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ’ हा खेळ, खेळ म्हणून मी कुणालाही सुचवणार नाही. पण तुम्ही चार-पाच जण मिळून एकच काल्पनिक विश्व रचत असाल, त्यात अवकाशातल्या लढाया असतील आणि शस्त्रांवरून रात्री बारा-बारापर्यंत भांडणं होत असतील, तर पंच म्हणून घेऊन टाका.

क्यू स्विच्ड प्रॉडक्शन्सचा हा खेळ २०१६ मध्ये स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही, माणसं सूर्यमालेत पांगली आहेत आणि तिथेही लढताहेत, एवढीच गोष्ट. ती विसरलात तरी चालेल. खरा माल आहे तो आतल्या कार्यशाळेत. विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या रेलगन आणि कॉइलगन, लेझर, अणुभट्टी, इंजिन, चिलखत, सगळं आपणच बनवायचं. रेलगनच्या रुळांची लांबी किती, धातू कोणता, शीतक किती तापवायचं, हे आकडे भरत जायचं. धातूला झेपणार नाही असं काही मागितलं की लाल अक्षरं उमटतात. शक्तिकवच नाही, अदृश्य होणारं जहाज नाही, फ्यूजनवर, म्हणजे अणुसंमीलनावर चालणारं इंजिनसुद्धा नाही.

आमचं विश्व गुरूच्या उपग्रहांवरच्या वसाहती विरुद्ध लघुग्रहपट्ट्यातले खाणवाले असं आहे. खाणवाल्यांच्या छोट्या जहाजांना आम्ही गलबत म्हणतो आणि मोठ्यांना गुराब. आंग्र्यांच्या आरमारातून उचललेली नावं. लिहिणारे आम्ही पाच जण. मी पिंपरीत हीट एक्सचेंजर डिझाइन करतो, त्यामुळे उष्णतेचं खातं आपसूक माझ्याकडे आलं.

कोल्हापूरच्या आमच्या धाकट्या गड्याने एक प्रसंग लिहिला होता. गुराबीवरचा १०० मेगावॉटचा लेझर १०,००० किलोमीटरवरून शत्रूचं जहाज उभं चिरतो. प्रसंग झकास होता. त्यावर नागपूरच्या भौतिकशास्त्राच्या बाईंचा एका ओळीचा निरोप आला: “भाऊ, आरसा केवढा आहे ते सांग ना आधी.” किरण एकवटणारा आरसा एक मीटरचा आणि १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश धरला, तर एवढ्या अंतरावर किरणाचा ठिपका विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशाच्या पसरण्याच्या स्वभावामुळे, सुमारे २६ मीटर रुंद होतो. चौरस मीटरला १९० किलोवॉटसुद्धा पडत नाहीत. पत्रा तापून लालभडक होईल, कापला जायचा नाही. हेच अंतर १,००० किलोमीटर केलं, तर ठिपका अडीच-पावणेतीन मीटरचा होतो आणि मारा शंभरपट वाढतो. मग खरंच काहीतरी वितळतं.

पण मला आवडतो तो याच्या पुढचा भाग. विजेच्या चार भागांतला एकच भाग प्रकाश होऊन बाहेर पडला असं मानलं, तर १०० मेगावॉटच्या लेझरमागे ३०० मेगावॉट उष्णता जहाजातच उरते. निर्वातात वारा नाही, पाणी नाही. ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर टाकता येते. ती फेकणारा पत्रा म्हणजे रेडिएटर. तो १२०० केल्विनला चालवला तर दोन्ही बाजू मोजून साधारण साडेबारा गुंठ्यांचा पत्रा पुरतो. पण लेझरचे नाजूक भाग एवढ्या तापमानाला टिकत नाहीत. ६०० केल्विनवर उतरलात की तापमान निम्मं आणि क्षेत्रफळ सोळापट: पाच एकर. अणुभट्टीची उष्णता वेगळीच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची बाहेरची अमोनियाची यंत्रणा ७० किलोवॉटच्या आसपास उष्णता फेकते आणि तिचेही पंख लांबून दिसतात. हा गडी पाच एकर घेऊन लढायला निघाला होता!

हे मी कागदावर सांगितलं असतं तर वाद आठवडाभर चालला असता. खेळात त्याने स्वतः आकडे भरले, लाल अक्षरं बघितली आणि म्हणाला, “भावा, गुराब रद्द.” रद्द काही झाली नाही, बदलली. आता आमच्या कथांमध्ये रेडिएटरला खलाशी शीड म्हणतात. लढाईआधी शिडं शत्रूकडे कडेने वळवायची, फार झालं तर मिटायची, आणि मिटल्यावर किती मिनिटं लेझर चालवता येईल यावर कप्तानाची सगळी हुशारी. नागपूरच्या बाईंनी त्यावर लिहिलेली कथा आमच्या विश्वातली सगळ्यात चांगली आहे.

तोफगोळ्यांच्या बाबतीत खेळ तेवढाच चोख. सेकंदाला ३ किलोमीटर वेग ओलांडला, की कुठल्याही किलोभर वस्तूची धडक किलोभर टीएनटी स्फोटकाला भारी पडते. दारू भरायची गरजच उरत नाही. उपाय म्हणून चिलखत थरांमध्ये, मध्ये अंतर ठेवून लावायचं. बाहेरचा पातळ पत्रा कणाचा भुगा करतो, आतला तो भुगा झेलतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपलची ही कल्पना १९४० च्या दशकातली, आजच्या अवकाश स्थानकावरही वापरात आहे.

आता तक्रार. हा पंच सगळ्यांना एकच उत्तर देतो. थोडा सराव झाला की प्रत्येक जण आकडे तासत तासत त्याच सुईसारख्या लांबट जहाजापाशी येऊन पोचतो, मग तो गुरूच्या गॅनिमिड उपग्रहावरचा असो की पट्ट्यातला. सामायिक विश्वाला हे मारक आहे. दोन संस्कृतींची शस्त्रं सारखीच असतील तर दोन संस्कृती कशाला? त्यावर आम्ही खेळाबाहेर नियम केले. बर्फ मुबलक म्हणून हायड्रोजन वसाहतींकडे; पट्ट्यातल्या खाणवाल्यांना धातू हवा तेवढा, पण हायड्रोजन मोजून. त्यांची गलबतं जड चिलखताची आणि आखूड पल्ल्याची झाली. खेळ खर्चाचे आकडे दाखवतो, पण टंचाईचं राजकारण त्याला कळत नाही.

माणसंही कळत नाहीत. आमच्यात दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. नोकरीबद्दल अवाक्षर काढत नाहीत, पण प्रत्येक रेलगनला त्यांचा एकच सवाल: “झिजलेले रूळ बदलणार कोण, आणि तोवर जहाज काय करणार?” खेळात खलाशी म्हणजे फक्त एक संख्या आणि तिचं वजन. तेव्हा तो सवाल आम्हालाच सोडवावा लागतो.

बाकीचं थोडक्यात. एकत्र खेळायची सोय नाही. जहाजांच्या आराखड्यांचा मजकूर एकमेकांना पाठवायचा आणि आपापल्या संगणकावर लढवून बघायचा. पडद्यावर आकड्यांची एवढी गर्दी, की चाळिशी लागलेल्यांनी मोठा मॉनिटर जोडावा. मोहिमेच्या काही पायऱ्या पार केल्याशिवाय कार्यशाळा पूर्ण उघडत नाही आणि त्या पायऱ्यांवर कक्षांचं गणित घाम काढतं. तिथे जोर लावा किंवा गटातल्या चिवट माणसाला बसवा. एकट्याने वेळ घालवायला घेत असाल, तर सवलत लागेपर्यंत थांबा. गटासाठी घेत असाल, तर प्रत्येकाची प्रत वेगळी हवी. एकाच्याच संगणकावर चाचणी झाली की निकाल बाकीचे मानत नाहीत.