आठ वर्षांपूर्वी गेलेल्या हत्तीसाठी आम्ही 29,000 रुपये भरले

अंदमानला हॅवलॉक बेटावर समुद्रात पोहणारा हत्ती दाखवतो, त्याच्याबरोबर पाण्यात उतरवतो, असं सांगून कुणी तुमच्याकडे आगाऊ पैसे मागत असेल तर आधी एवढं वाचा. तो हत्ती 1 ऑगस्ट 2016 रोजी गेला. राजन त्याचं नाव. गेला तेव्हा तो 66 वर्षांचा होता. आणि आम्ही 11 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे त्याला जाऊन आठ वर्षं उलटल्यावर, त्याच्यासोबत पोहायचे 29,000 रुपये भरले.

सात महिने तक्रारी सोडल्या तर हे घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. मी एका शाळेत लेखनिक आहे, दिवसभर पावत्या आणि शिक्के तपासणं हेच माझं काम. नवरा तर हिशेबनीसच. "तुम्ही कसे फसलात?" हे ऐकायची तयारी नव्हती. पण गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो नव्या नावाने आला आणि मग गप्प बसवेना.

मे 2024 मध्ये दादरला एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. पापड, कोकम, आमरसाचे डबे आणि मध्येच एक टूरवाल्यांचा स्टॉल. मागे मोठा फलक: निळं पाणी, वरून येणारा उजेड आणि पाण्याखालून काढलेला हत्तीचा फोटो, चारही पाय पोहताना लांबवलेले. माझी लेक बारा वर्षांची. ती तिथून हलेना. स्टॉलवरचा माणूस आपल्यातलाच, बोलणं मऊ, "ताई" म्हणून सुरुवात. सासऱ्यांना पाहून म्हणाला, "काका, तात्याराव सावरकरांच्या कोठडीसमोर मी स्वतः तुम्हाला नेऊन उभं करतो." बाबा 74 वर्षांचे. सेल्युलर जेल बघायचं त्यांच्या मनात तीस वर्षं होतं. तिथेच ठरलं. माणशी 38,500, चौघांचे 1,54,000. विमान, हॉटेल, बोटी, सगळं त्यात. हे पैसे आम्ही त्यांच्या फर्मच्या खात्यावर भरले, पावती घेतली. विमानाची तिकिटं खरी आली. सगळंच खोटं असतं तर आम्ही कधीच सावध झालो असतो, पण निम्मं त्यांनी खरं ठेवलं होतं.

ऑगस्टमध्ये फोन आला. हत्तीच्या जागा मर्यादित, आता नाही भरलं तर मिळणार नाही. दोघांसाठी 14,500 प्रमाणे 29,000. शिवाय "वन्यजीव परवाना शुल्क" माणशी 1,850, म्हणजे 7,400. त्यात रॉस बेटावर हरणांना खाऊ घालायची परवानगीही आली म्हणे. आणि 10,000 अनामत, हत्तीला काही झालं तर म्हणून. परत येताच ते परत. एकूण 46,400.

मी काहीच शोधलं नाही, असं कुणी म्हणू नये. मी शोधलं होतं. यूट्यूबवर राजनचे व्हिडिओ बघितले, पुष्कळ आहेत आणि खरे आहेत. हत्ती खरा, पोहणं खरं, माहूत खरा. लाकूडतोडीच्या कामासाठी हे हत्ती मुख्य भूमीवरून अंदमानात नेले, अंदमानचे मूळचे नाहीतच ते. राजन सत्तरच्या दशकात तिथे आला, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायला शिकला. पुढे 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लाकूडतोड बंद झाली, त्याचं काम संपलं आणि तो हॅवलॉकवर पर्यटकांचा लाडका झाला. हे सगळं वाचून माझी खात्री पटली. व्हिडिओच्या खाली करड्या बारीक अक्षरांत "12 वर्षांपूर्वी" असं लिहिलेलं असतं, ते वाचलं नाही. तुम्ही वाचा. प्राण्याचा फोटो बघितलात की पहिल्यांदा तारीख बघा.

लेकीने तर विचारलं होतं, "आई, हा आता किती वर्षांचा असेल?" मी तोच प्रश्न टूरवाल्याला फोनवर विचारला. तो म्हणाला, "असेल चाळीसेक." राजन जगला असता तर तेव्हा 74 वर्षांचा असता. आमच्या बाबांच्या वयाचा.

पण मला खरी टोचणी लागते ती पैसे भरतानाच्या क्षणाची. रविवार होता, दुपारी जेवणं उरकून मी ओट्याशी उभी होते. त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन केला. रक्कम टाकली. पडद्यावर बँकेत नोंदलेलं नाव आलं: कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीज दुकानाचं. वनविभागाची फी आणि मोबाइलच्या कव्हरांचं दुकान! मी ते वाचलं. चक्क वाचलं. नवऱ्याला हाक मारून म्हणालेसुद्धा, "अहो, नाव वेगळंच दिसतंय." तो आतून म्हणाला, "विचार त्याला." मी विचारलं. उत्तर आलं, "ताई, फर्मच्या खात्याला मर्यादा आली आहे, हे भाच्याचं खातं, पावती फर्मचीच देतो." आणि मी पिन टाकला. 29,000, मग 7,400, मग 10,000. तीन वेळा तेच नाव समोर आलं आणि तीनही वेळा मी पिन टाकला. शाळेत कुणी दुसऱ्याच्या नावाची पावती आणली तर मी खिडकीवरून परत पाठवते. त्या दिवशी का नाही थांबले याचं उत्तर मला आजही सापडत नाही. एवढंच सांगू शकते, की लेक शेजारी उभी होती आणि मे महिन्यापासून ती शिवाजी पार्कच्या पालिकेच्या तलावावर सकाळी सहाला पोहायला जात होती, त्या हत्तीसाठी.

खात्याचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा. भाचा, मेहुणा, पार्टनर, कुणाचंही नाव सांगोत.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आलं. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली गोल शिक्का, परवाना क्रमांक. आम्ही ते छापून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं.

भाऊबीज झाल्यावर 5 नोव्हेंबरला चेन्नईमार्गे निघालो. सेल्युलर जेल पाहिलं. बाबा सातव्या विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीपुढे बराच वेळ हात जोडून उभे होते, काही बोलले नाहीत. त्या फसव्या माणसाच्या टूरमधून हे एक पदरात पडलं, ते मी नाकारत नाही.

रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, पहिली शंका आली. अबर्डीन जेट्टीवरून बोटीने काही मिनिटांत पोचतो. पडक्या ब्रिटिश इमारतींभोवती चितळं अगदी हाताच्या अंतरावर फिरतात, मोर असतात. ही चितळंही इंग्रजांनीच आणून सोडलेली. मी फोल्डर काढून परवाना दाखवला. खिडकीवरच्या माणसाने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "मॅडम, ये क्या है? टिकट यहीं मिलता है." कुठल्याही माणसाला तिथे तिकीट काढून जाता येतं. हरणांना खायला घालायचा म्हणून कसला परवाना तिथे कुणाला माहीत नव्हता. उलट लोक बिस्किटं टाकत होते आणि एक चितळ वेष्टनासकट चघळत होतं, ते बघून लेक रडवेली झाली.

मी तिथूनच फोन लावला. "ताई, तो नवीन माणूस असेल, हॅवलॉकला सगळं सेट आहे."

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, 8 तारखेला पोचलो. हॉटेलवाल्याने रजिस्टर बघितलं: बुकिंग आहे, पैसे आलेले नाहीत. दोन खोल्या, दोन रात्री, 3,200 प्रमाणे 12,800 आम्ही पुन्हा भरले. म्हातारा माणूस आणि मूल घेऊन रात्री कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी सकाळी राधानगर किनाऱ्यावर गेलो, सांगितल्याप्रमाणे साडेसातला. लेकीने कोल्हापुरी गुळाचा अर्धा किलोचा तुकडा मुंबईहून आणला होता, बटर पेपरमध्ये गुंडाळून वर रबरबँड. उकाड्याने तो पाझरून कागद चिकट झाला होता, तिच्या हातालाही तो लागला होता. साडेआठ वाजले. फोन लावला तर "लोकल को-ऑर्डिनेटर" म्हणून दुसराच कुणी बोलला: हत्तीची तब्येत आज बरी नाही, डॉक्टर आलेत, उद्या नक्की.

मी शहाळंवाल्याला विचारलं, आजारी हत्तीला कुठे ठेवतात? त्याने कोयता खाली ठेवला. "कौन, राजन? वो तो कब का गुजर गया, दीदी." लेकीने ते ऐकलं.

त्याच किनाऱ्यावर मगरींपासून सावध राहायची पाटी आहे. 2010 मध्ये हॅवलॉकच्या समुद्रात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता. एवढी पैशांची यादी देणाऱ्या माणसाने मगर हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

संध्याकाळी त्याचाच फोन, आवाजात जराही खेद नाही. बदली म्हणून इंटरव्ह्यू बेटावर जंगली हत्ती दाखवतो, फक्त 6,000 द्या. हत्ती तिथे आहेत, हे खरं. 1962 मध्ये एक लाकूड कंपनी बुडाली, तिने सोडून दिलेल्या हत्तींची ती पिलावळ. पण ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही. पुन्हा खऱ्या गोष्टीवर खोटं रचायचं. हे पैसे मात्र आम्ही दिले नाहीत. परतीच्या बोटीची तिकिटंही काढलेली नव्हती, ती चौघांची 5,900 रुपयांना घेतली. एकूण नुकसान 65,100 रुपये.

हॅवलॉकवर वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याला परवाना दाखवला. "ये हमारा नहीं है." लिहून द्या म्हटलं तर, पोर्ट ब्लेअरला अर्ज करा. माझा मोबाइलचा फोटो म्हणजे पुरावा नाही, असंही सांगितलं. त्यांच्याच खात्याच्या नावाने खोटा शिक्का मारलाय आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नाही!

मुंबईत परतल्यावरची कथा याहून वाईट. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी, "हे सिव्हिल मॅटर आहे." दुसऱ्या दिवशी, "घटना अंदमानात घडली, तिकडे तक्रार करा." पैसे मी परळच्या स्वयंपाकघरातून भरले, स्टॉल दादरला लागला, मग घटना अंदमानात कशी? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट आहे. मी ते पान छापून नेलं. साहेबांनी ते वाचलंही नाही, म्हणाले, "मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका." चार फेऱ्या झाल्या. शेवटी साध्या अर्जावर पोच मिळाली, एफआयआर नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला आणि सांगितलं की तीन महिने झालेत, पैसे आता त्या खात्यात नसणार. म्हणून सांगते, शंका आली की त्याच तासाला 1930 लावा, परत आल्यावर बघू असं म्हणू नका. मी रॉसवरूनच लावायला हवा होता.

बँकेने दोन ओळींत विषय संपवला: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. मग ज्या खात्यात हे पैसे गेले ते कुणाचं, कोणत्या कागदांवर उघडलं, हे तरी सांगा? ते गोपनीय. चोराची गोपनीयता जपायची आणि ज्याचे पैसे गेले त्याला "सावध राहा"चा एसएमएस पाठवायचा. पर्यटनवाल्यांच्या कार्यालयात कळलं की टूर ऑपरेटरने केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणं सक्तीचं नाही, ऐच्छिक आहे. म्हणजे उद्या कुणीही फलक लावून स्टॉल मांडू शकतो. प्रदर्शनाच्या आयोजकांनी हात वर केले, स्टॉलचं भाडं रोख आलं होतं, नोंद नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, हे मला एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं, पोलिसांनी नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. व्हॉट्सॲपचे संभाषण पुसू नका, कॉलची यादी जपा, पीडीएफ मूळ फाइलसकट ठेवा. हॉटेलला आणि बोटवाल्यांना निघायच्या आधी स्वतः फोन करून पैसे पोचले का विचारा. आम्ही चार फोन केले असते तर निम्मं कळलं असतं.

फर्मचा फोन बंद आहे. दादरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. आणि सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या जाहिरातीत तोच फोटो आहे: निळं पाणी, वरून उजेड, पोहणारा राजन. नाव नवीन, नंबर नवीन, दर आता माणशी 16,500. तुमच्या ग्रुपवर आला तर खाली फक्त 1 ऑगस्ट 2016 ही तारीख लिहा आणि नंबरचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या पुढच्या तारखेला मला तो लागेल.