चाटी गल्लीतून जुळे सोलापूरला : पेढीचा जुना लँडलाईन क्रमांक घरी आणताना

चाटी गल्लीतील आमच्या पेढीचा लँडलाईन क्रमांक आता जुळे सोलापुरातील राहत्या घरी वाजतो आणि त्याच्या सात आकड्यांपैकी एकही बदललेला नाही. दूरध्वनी कंपनीने हे काम अखेर चांगले करून दिले. परंतु त्याआधीचे अकरा दिवस ज्या मनस्तापात गेले, तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता. कंपनीचे नाव देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या लँडलाईनधारकाला उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

आमचा व्यवसाय टॉवेल आणि चादरींच्या घाऊक विक्रीचा. माल अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कारखान्यातून थेट ट्रान्सपोर्टला जातो, भाव आणि ऑर्डर फोनवर ठरतात, आणि गाळ्यात गिऱ्हाईक येणे गेल्या काही वर्षांत जवळजवळ थांबले होते. म्हणून गाळ्याचा करार संपला तेव्हा तो वाढवला नाही आणि घराच्या पुढच्या खोलीत कचेरी थाटली. टेबल, कपाट, नमुन्यांचे गठ्ठे एका टेम्पोत आले. क्रमांक मात्र टेम्पोत घालून आणता येत नव्हता. हुबळी, विजयपूर, कलबुर्गी, लातूर येथील आमचे जुने व्यापारी मोबाईलवर क्वचितच फोन करतात. त्यांच्या वहीत वडिलांच्या काळापासून 0217 या कोडसह आमचा क्रमांक लिहिलेला आहे. तो सहा आकडी असताना पाठ झालेला, पुढे त्याला 2 लागला तेवढाच फरक. शिवाय वेष्टनात बांधून विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल छापणे 2011 च्या वजनमाप नियमांनुसार बंधनकारक आहे. आमच्याकडे छापील लेबलांचे सहा गठ्ठे शिल्लक होते. पत्त्यावर लहान स्टिकर लावणे जमले. पण दुकानादुकानांत आधीच पोहोचलेल्या मालावरचा क्रमांक कोण बदलणार?

सुरुवातीला आमच्याच मनात एक गैरसमज होता. मोबाईलचा क्रमांक कंपनी बदलूनही तोच ठेवता येतो, ही सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे, त्यामुळे लँडलाईनलाही ती असेल असे आम्ही धरून चाललो होतो. तशी सोय आपल्याकडे नाही. लँडलाईनचा क्रमांक ज्या कंपनीचा, त्याच कंपनीकडे राहून तो हलवता येतो; जोडणी बंद केली की क्रमांक हातचा गेला. दुसरी मर्यादा एसटीडी कोडची. जुळे सोलापूर 0217 मध्येच येते म्हणून आमचे काम झाले. आम्ही पंढरपूरला (02186) किंवा बार्शीला (02184) गेलो असतो, तर हा क्रमांक सोबत येणे शक्य नव्हते.

शहरातल्या शहरात क्रमांक हलवणेसुद्धा तांब्याच्या तारेच्या काळात सोपे नव्हते, कारण क्रमांक एक्स्चेंजशी बांधलेला असे आणि दुसऱ्या एक्स्चेंजच्या हद्दीत गेले की सहसा नवा क्रमांक घ्यावा लागे. फायबरवर ही अडचण उरलेली नाही. तेथे क्रमांक विशिष्ट तारेला चिकटलेला नसतो. तो कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो आणि घरातल्या ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या डब्याच्या, नावावर चढवला जातो. अर्ज करताना हे माहीत असणे फार गरजेचे आहे, कारण काउंटरवरची व्यक्ती कदाचित जुन्या सवयीने ‘क्रमांक बदलेल’ असे सांगून मोकळी होते. आमच्या बाबतीत नेमके तेच झाले.

आम्ही हेल्पलाईनवर फोन केला, हकिकत सांगितली, आणि पलीकडील बाईंनी अत्यंत नम्रपणे आमचा अर्ज नव्या फायबर जोडणीचा म्हणून नोंदवला. चार दिवसांनी एसएमएस आला, त्यात भलताच क्रमांक होता. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की नवी जोडणी झाली आहे, जुनी आता बंद करून टाका. त्या दिवशी त्यांचे ऐकले असते, तर तीस-बत्तीस वर्षांचा क्रमांक एका अर्जावर संपला असता. पुढचे सात दिवस तक्रार क्रमांक घेणे, तो सांगणे, आणि दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे समजावणे यात गेले. तक्रार केंद्राकडून समाधान झाले नाही तर कंपनीतच अपील करता येते, ही दुसरी पायरी ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2012 च्या नियमांनी ग्राहकाला दिलेली आहे. अपिलाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिल्यावर कार्यालयातील एका अधिकाऱ्यांनी कागद स्वतः वाचला आणि पहिल्यांदाच योग्य प्रश्न विचारला : “तुम्हाला नवी जोडणी हवी आहे, की हीच लाईन शिफ्ट करायची आहे?” अर्जावर ‘त्याच क्रमांकासह स्थलांतर’ हे शब्द ठळक लिहायला त्यांनीच सांगितले. सोबत नव्या पत्त्याचे वीजबिल, आधार आणि जुन्या फोनचे शेवटचे भरलेले बिल जोडले. तिसऱ्या दिवशी दोन लाईनमन घरी आले.

त्या दोघांच्या कामाबद्दल तक्रारीला जागाच नाही. कोपऱ्यावरच्या खांबावरून फायबर ओढली, खिडकीच्या चौकटीशेजारी बारीक भोक पाडले, आणि केसाइतक्या काचेच्या धाग्याची दोन टोके एका छोट्या यंत्रात ठेवून जोडली. यंत्राच्या पडद्यावर ती टोके एकमेकांत विरघळताना दिसत होती. ओएनटीवरचा लाल दिवा विझून हिरवा लागला, तेव्हा धाकट्या लाईनमनने फोनची पिन डब्यामागच्या खाचेत बसवली आणि स्वतःच्या मोबाईलवरून आमचा क्रमांक लावला. नवा चकचकीत कॉर्डलेस आणलेला असतानाही आम्ही पेढीवरचा जुना काळा फोनच आधी जोडायला लावला होता. त्याची घंटा घरात वाजली तेव्हा आतल्या खोलीतून वडील उठून बाहेर आले. गाळ्यात ती त्यांनी आयुष्यभर ऐकली होती, आणि त्यांनी सवयीने रिसीव्हर उचलून पेढीचे नाव सांगितले.

एक फरक मात्र आधी कोणीही सांगत नाही. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, त्यामुळे गल्लीत अंधार झाला तरी फोन चालू राही. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो आणि वीज गेली की फोन मुका होतो. पहिल्याच आठवड्यात दुपारी सव्वा तास वीज गेली, आणि कलबुर्गीच्या एका व्यापाऱ्याने संध्याकाळी “तुमचा फोन बंद पडला की काय?” असे मोबाईलवर विचारले. त्यानंतर राऊटरसाठी मिळणारा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस 1,400 रुपयांना आणला. तो ओएनटीला तीन तास पुरतो. घरी कचेरी करणाऱ्याने हा खर्च पहिल्या दिवशीच धरावा.

याच काळात व्हॉट्सअॅप बिझनेसही या लँडलाईन क्रमांकावर चालू केले आणि त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा मोठा ठरला. क्रमांक टाकताना 91 नंतर कोडमधला सुरुवातीचा शून्य गाळून 217 आणि पुढे सात आकडे लिहायचे, आणि पडताळणीसाठी एसएमएसऐवजी फोन मागवायचा. लँडलाईन वाजते आणि यंत्राचा आवाज सहा आकडे सांगतो. आमच्या सूनबाईंनी ते आकडे बिलबुकाच्या कोपऱ्यावर उतरवून घेतले. आता तीस बाय साठच्या टॉवेलच्या रंगांचे फोटो त्याच क्रमांकावरून जातात, जो लेबलावर छापलेला आहे, आणि पैसे पाठवण्यापूर्वी क्रमांक ओळखीचा आहे का हे पाहणाऱ्या व्यापाऱ्याला त्यामुळे विश्वास वाटतो. दुपारी जेवणाच्या वेळी आणि रात्री आठनंतर कॉल मोबाईलकडे वळवून ठेवतो, कारण घरात नातीच्या झोपेची वेळही सांभाळावी लागते.

खर्चाबाबत समाधान आहे. मासिक योजना 499 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 589 रुपये पडतात. त्यात देशभर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही येते. गाळ्यात फोन आणि इंटरनेटचे मिळून याच्या दीडपट जात होते. आवाज स्वच्छ आहे. पावसात पूर्वी येणारी खरखर पूर्ण गेली. मुख्य पत्ता बदलल्यावर जीएसटी नोंदणीतील दुरुस्तीचा अर्ज पंधरा दिवसांत करावा लागतो. तो आम्ही लाईन शिफ्ट होण्याची वाट न पाहता आधीच केला होता.

कंपनीच्या तंत्रज्ञांना पूर्ण गुण द्यावेसे वाटतात आणि हेल्पलाईनला देता येत नाहीत. नोंदणीच्या वेळी ‘नवीन’ आणि ‘स्थलांतर’ हा एक प्रश्न विचारण्याची शिस्त लावली, तर जुन्या पेढ्यांचे केवढे नुकसान टळेल. गाळा सोडणाऱ्या ओळखीच्या दोन व्यापाऱ्यांना मी एवढेच सांगितले आहे की, नव्या जागी आपल्याच क्रमांकावर घंटा ऐकल्याशिवाय जुन्या जागेच्या मालकाला किल्ली देऊ नका, आणि तोपर्यंत बंद करण्याच्या कोणत्याही अर्जावर सही करू नका.

न मागता मिळालेला तो नवा क्रमांक शेवटी आम्ही लेखी अर्ज देऊन बंद करून घेतला. त्याची पोच आणि शून्य बाकीचे बिल जुन्या फोनच्या फाईलला लावून ठेवले आहे.