स्वस्तातला टर्बो आणि 'कस्टम' ट्यून: मला कसं फसवलं गेलं

रोजच्या वापराच्या गाडीला मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) टाकून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ट्यून करून देतो, तेही कमी पैशांत, असं कोणी सांगत असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. माझ्या पेट्रोल गाडीचं इंजिन यात गेलं.

पॅकेज असं होतं: नामांकित कंपनीचा थोडाच वापरलेला बॉल बेअरिंग टर्बो, मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे), माझ्याच गाडीवर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बनवलेला मॅप (ईसीयूमधली इंधन आणि टायमिंगची आकडेवारी) आणि मजुरी, सगळं मिळून नव्या टर्बोच्या एकट्या किमतीपेक्षाही कमी. "दुसऱ्या गिऱ्हाइकाने याहून मोठा टाकला, त्याचा काढलेला आहे, म्हणून स्वस्त देतोय," असं कारण सांगितलं. पटण्यासारखंच कारण, कारण असे टर्बो खरोखरच बाजारात येतात.

गाडी हातात आली तेव्हा भन्नाट पळत होती. फसवणूक लपते ती इथेच. बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वाढवला की ताकद वाढणारच. इंजिन ती किती दिवस झेलेल हे इंधन आणि इग्निशन टायमिंगवर (ठिणगी पडण्याच्या वेळेवर) ठरतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं. पण पूर्ण बूस्टवर मिश्रण मुद्दाम जास्त पेट्रोलचं, 1 भाग पेट्रोलला 11.5 ते 12 भाग हवेच्या आसपास ठेवतात. जादा पेट्रोल सिलिंडरमधली उष्णता खेचून घेतं आणि नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर बसणाऱ्या धक्क्यांना) आळा बसतो. जास्त हवा ढकलणारा टर्बो आणि इंजेक्टर जुनेच, अशी जोडी असली की वरच्या आरपीएमला पेट्रोल पुरत नाही. माझ्या बिलात मोठे इंजेक्टर लावलेत. गाडीत निघाले मूळचेच, धुऊन चकाचक केलेले.

काही महिन्यांनी आयडलला गाडी थरथरायला लागली, निळसर धूर यायला लागला. चेक इंजिनचा दिवा मात्र एकदाही लागला नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्पार्क प्लग काढले. एका प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके होते, काही काळे, काही चंदेरी. चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम, आणि ही नॉकिंगची जुनी, ओळखीची खूण आहे. त्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पडलं होतं. इंजिन खोलल्यावर पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली दिसली.

मग ईसीयूतली फाइल वाचून घेतली. नॉक सेन्सरची संवेदनशीलता जवळजवळ बंद केलेली होती, आणि मिसफायर व कमी इंधनाचे एरर कोड सरळ काढून टाकलेले होते. दिवा लागणार कसा? याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. इंजिन वाचवणारा इशाराच गप्प केला, म्हणजे तक्रार येईल तेव्हा गाडी त्यांच्या गॅरेजपासून लांब असेल.

टर्बोचीही तीच गत. कंपन्यांच्या तक्त्यात प्रत्येक मॉडेलच्या कॉम्प्रेसर चाकाचे (हवा दाबणाऱ्या चाकाचे) दोन्ही व्यास, हवा आत येते त्या बाजूचा आणि बाहेर जाते त्या बाजूचा, दिलेले असतात. व्हर्नियरने मोजलं तर आमचं चाक पाटीवरच्या मॉडेलशी जुळेना. आत बॉल बेअरिंग नव्हतंच, साधं जर्नल बेअरिंग (गोळ्यांशिवाय, तेलाच्या थरावर फिरणारं) होतं. पाटी तेवढी नामांकित कंपनीची.

आणि तो डायनोचा ग्राफ! त्यातली रेघ 7,500 आरपीएमपर्यंत जाते. माझ्या गाडीचा लिमिटर (आरपीएम त्यापुढे जाऊ न देणारी मर्यादा) 6,500 ला तोडतो, आणि फाइलमध्येही तो तेवढाच होता. ग्राफ दुसऱ्याच गाडीचा होता. त्यावर हवा-इंधनाची रेघ नव्हती, तापमान नव्हतं, हवामानानुसार आकड्यात केलेलं करेक्शनही लिहिलेलं नव्हतं. जाब विचारल्यावर त्यांनी "तुम्ही गाडी रगडली" एवढंच उत्तर दिलं. नंतर फोन उचलणंच बंद केलं.

तुम्ही असं काम करून घेणार असाल तर टर्बो बसण्याआधी सीरियल नंबर कंपनीकडून पडताळून घ्या आणि चाक स्वतःसमोर मोजायला लावा. टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) बोटाने हलवून पाहा. जर्नल बेअरिंगमध्ये आडवा किंचित हलला तर चालतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पातं हाउसिंगला घासलं तर तो टर्बो घेऊ नका. मूळ फाइलची प्रत तुमच्याकडे हवी, आणि कोणते एरर कोड बंद केले हे लेखी हवं. शेवटचा हप्ता द्यायचा तो पूर्ण थ्रॉटलचा लॉग (ईसीयूतली आकड्यांची नोंद) हातात आल्यावरच: बूस्ट, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग आणि इंजेक्टर ड्यूटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो ते). ड्यूटी 85 टक्क्यांच्या वर जात असेल तर ते इंजेक्टर त्या टर्बोला अपुरे आहेत. लॉग द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे गाडी सोडू नका, मग भाव कितीही कमी असो.

ज्यांनी असं पॅकेज आधीच घेतलंय त्यांनी आजच प्लग काढून चांगल्या उजेडात बघा, आणि कोणी तरी भरवशाचा माणूस फाइल तपासेपर्यंत गाडीला पूर्ण बूस्ट देऊ नका.